एका दिवसात कोरोमंडल उरकायचं असेल तर

सुहासजी, न्यूझीलंडमधल्या कोरोमंडल द्वीपकल्पावरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑकलंडहून निघून हॉट वॉटर बीच आणि कॅथेड्रल कोव्ह हे दोन किनारे बघणं एका दिवसात सहज होतं, त्यासाठी तंबू घेऊन रेंगाळत फिरणं हा रिकामटेकडेपणा, आणि निम्मा लेख मी उत्तर टोकावर खर्च केला, जिथे ‘काहीच नाही’.

हॉट वॉटर बीचचंच घ्या. वाळू खणून गरम पाण्याचा खड्डा करता येतो तो ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास. एरवी ती जागा लाटांखाली. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते, तिला तुमच्या शनिवारशी काही देणंघेणं नाही. भर भरतीत पोचलात तर समुद्राला नमस्कार करून परत फिरायचं. मुक्काम जवळ असला की सकाळची ओहोटी हुकली तरी संध्याकाळची हाताशी असते. शिवाय खड्डा कुठे खणायचा हेही चाचपडूनच कळतं. वाळूखालच्या गरम झऱ्याच्या अगदी तोंडाशी पाणी ६४ अंशांपर्यंत तापलेलं असतं, तळवे चटकन भाजतात. थोडं बाजूला, लाटेचं गार पाणी मिसळेल अशा बेताने खणावं लागतं.

आता ते ‘काहीच नाही’. उत्तर टोकाकडे जाताना कोलव्हिल या छोट्या गावानंतर थोड्याच अंतरावर डांबर संपतं. पुढे खडीचा रस्ता, कित्येक ठिकाणी एकाच गाडीपुरता, डाव्या हाताला खाली समुद्र आणि मुळांनी कडा धरून पाण्यावर ओणवी झालेली पोहुतुकावाची झाडं. समोरून होडीचा ट्रेलर लावलेली गाडी आली, की रिव्हर्स कोण घेणार हे उघड असतं: आपण! पोर्ट जॅक्सन आणि फ्लेचर बे इथे संवर्धन खात्याच्या कॅम्पसाइट आहेत. संडास, पाणी, गार पाण्याचा शॉवर, बस्स. कचरा आपल्याच डिकीतून परत न्यायचा. फ्लेचर बेहून टोकाच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या स्टोनी बेला थेट गाडीरस्ता नाही. पायवाट साधारण १० किलोमीटर, एका बाजूचे तीन-साडेतीन तास. गाडीने जायचं तर उलट कोलव्हिलजवळपर्यंत येऊन डोंगर ओलांडा. हे एका दिवसात बसवून दाखवाच.

भाड्याच्या गाडीचा तुमचा मुद्दा मात्र रास्त. बऱ्याच करारांत कोलव्हिलच्या उत्तरेचा रस्ता वगळलेला असतो, तेव्हा तो कागद वाचल्याशिवाय तिकडे वळू नये. पण ‘कडेला कुठेही गाडी लावून फुकट झोपता येतं’ हे तुम्ही कुठून आणलंत? संडासाची सोय असलेली, प्रमाणपत्र मिळालेली गाडी नसेल तर तिथल्या स्थानिक परिषदेच्या जागांवर दंड बसतो.

तरीही एकच दिवस हाताशी असेल तर खुशाल जा. फक्त ओहोटीची वेळ बघून घरून निघायची वेळ ठरवा. फावडं नसलं तरी चालेल, बीचजवळच्या दुकानात भाड्याने मिळतं.