माडीवरची माणसं घालवून बाजार कसा जगवणार?

आता परत एक नवीन योजना. आमच्या बेळगावच्या बाजारातला गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, किर्लोस्कर रोड हा सगळा पट्टा म्हणे 'मिक्स्ड-यूज' करायचा. खाली दुकानं, वर घरं, मधे ऑफिसं, खायची-प्यायची ठिकाणं, संध्याकाळी फिरायला जागा. योजनावाल्यांनी एसी हॉलमध्ये बैठक घेतली, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. झाडं, बाकडी, दिव्यांचे खांब, हातात पिशव्या घेतलेल्या हसऱ्या बायका. बघूनच माझं डोकं उठलं.

अहो, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हेच तर आमचं बेळगाव होतं! आमच्या मामंजींच्या वडिलांनी खाली कापडाचं दुकान घातलं आणि माडीवर सहा पोरांचा संसार केला. शेजारी सोनार, त्याच्या मागच्या परड्यात भट्टी. पलीकडच्या घरात मांडे व्हायचे, लग्नसराईत पहाटेपासून त्या बोळात तुपाचा वास. वकील, डॉक्टर, शिंपी, शिकवणीचे मास्तर सगळे त्याच माड्यांवर. कुणी योजना केली नव्हती, कुणी चित्रं काढली नव्हती. ते सगळं तुमच्या डोळ्यांदेखत मोडलं. आणि आता तेच आम्हाला नव्यानं शिकवायला आलात?

रात्री नऊनंतर एकदा खडेबाजारातून चालत जा आणि मान वर करून बघा. किती खिडक्यांत दिवा दिसतो? अर्ध्या माड्यांवर गोडाऊन. खोक्यांची चवड, जुने पुतळे, मोडकी काउंटरं. कपड्यांच्या मोठ्या दुकानदारानं अख्खी इमारत भाड्यानं घेतली की पुढून चकचकीत पत्रा मारतो, खिडक्या त्याच्या मागं कायमच्या बंद. ज्या गॅलरीत आज्जी पापड वाळत घालायची, तिथं आता एसीची खोकी. राहणारे गेले हिंदवाडीला, भाग्यनगरला, सदाशिवनगरला, जमलं तर पुण्याला. त्यांना कशाला नावं ठेवू? मीच रोज म्हणते, चला इथनं.

कारण इथं राहणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या दुकानाला पूर्वी दोन पायऱ्या चढून यायला लागायचं. आज रस्त्यावरून एक पायरी खाली उतरावं लागतं! डांबरावर डांबर, डांबरावर काँक्रीट, त्यावर पेव्हर. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवीन टाकायचा, हे कुठल्याच ठेकेदाराला सुचत नाही, आणि देखरेख करणाऱ्यालाही सुचत नाही. दर खेपेला रस्ता चार बोटं वर, आमचा उंबरा चार बोटं खाली. गटारीचं तोंड आता आमच्या फरशीपेक्षा वर आहे. बेळगावचा पाऊस काय असतो ते मी बेळगावकरांना सांगायची गरज नाही. जुलैत रात्री दोन वाजता उठून खालच्या फळीवरचे तागे वर ठेवायचे, दाराला पोती लावायची, तरी सकाळी फरशीवर काळं पाणी. लुगड्याच्या घडीला तो चिखलाचा डाग पडला की ते लुगडं अर्ध्या किमतीलाही कुणी घेत नाही. तक्रार केली. माणूस आला, फोटो काढला, गेला. पुढच्या वर्षी परत खणलं, या वेळी केबलसाठी.

पाण्याचं तेच. 2008 पासून शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे. आम्ही बाजारातले अजून बॅरल भरून ठेवतो. पावसाळ्यात राकसकोपचं धरण भरलं की पेपरात फोटो येतो, आणि आमच्या नळाला पाणी कधी येणार ते शेजारणीला विचारावं लागतं. तिसऱ्या माळ्यावर कुटुंबं आणायची म्हणताय, त्यांना पाणी कोण चढवणार?

स्मार्ट सिटी आली तेव्हा आम्ही पण पेढे वाटले होते. जून 2015 ला योजना जाहीर झाली आणि जानेवारी 2016 च्या पहिल्याच यादीत, देशातल्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव. कर्नाटकातून त्या यादीत दोनच, आपण आणि दावणगेरे. मार्च 2025 ला ती योजना आटोपली सुद्धा. मंडोळी रोडला फूटपाथ झाला, टिळकवाडीत कलामंदिरच्या जागी व्यापारी संकुल उभं राहिलं, 2023 ला रेल्वेनं स्टेशन नवं केलं. झालं ते चांगलंच झालं. पण त्या नव्या स्टेशनातून उतरून सामान घेऊन गणपत गल्लीपर्यंत फूटपाथवरून चालत येऊन दाखवा कुणीतरी. फूटपाथ आहे तिथं गाड्या लावलेल्या, गाड्या नाहीत तिथं झाकण नसलेली गटार.

आमचं गिऱ्हाईक कोण? खानापूरची, चंदगडची, येळ्ळूर-उचगाव-कडोलीची माणसं. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घर येतं, दहा-बारा जणं, म्हातारी आज्जी, कडेवर पोर. ते दुकानात दोन-दोन तास बसायचे, चहा व्हायचा, जाताना कुंदा घेऊन जायचे. आता फोन येतो, "वयनी, बापट गल्लीपर्यंत दोनदा फिरून आलो, गाडी लावायला जागाच नाही, दुसरीकडं बघतो." आणि गाडी लावलीच तर आत नवरीचा शालू निवडेपर्यंत बाहेर टोईंगवाला गाडी उचलतो. असलं गिऱ्हाईक परत येईल का?

बरं, आम्हीच घर नीट करतो म्हटलं, तर करू देता का? आमची जागा रुंदीला बारा फूट, आत लांबच लांब. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. नकाशा घेऊन गेलो तर म्हणाले, पुढं-मागं जागा सोडा, बाजूला सोडा, पार्किंग दाखवा. बारा फुटांतून सगळीकडं सोडलं की उरतं काय, जिना? मग माणूस काय करतो? जुनं तसंच पडू देतो, नाहीतर गुपचूप बांधतो आणि जन्मभर नोटिसांना भीत राहतो. उताऱ्यावर सतरा नावं, चुलते एक मुंबईत, एक वारलेले, त्यांच्या मुलांच्या सह्या मिळत नाहीत. म्हणून बँक कर्ज देत नाही. या एका गाठीवर कुठल्याही चित्रात एक ओळ नाही. एका खिडकीवर वारसाची नोंद, नकाशा, मीटर सगळं मिटवून द्या. निम्म्या माड्यांवर दिवे लागतील, तुमच्या बाकड्यांची गरज पडणार नाही.

आणि नोटीस येते ती फक्त कन्नडात. मला वाचता येतं, मी शिकले. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, घर त्यांच्या नावावर, त्यांनी कुणाकडून वाचून घ्यायची? भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्या भाषेतही कागद द्यायची सोय कर्नाटकाच्याच 1981 च्या कायद्यात होती. आम्ही काही जगावेगळं मागत नाही. ज्यांची घरं आहेत त्यांना कळेल असं लिहा, एवढंच.

सासूबाईंचं निघालंच म्हणून सांगते. मागं त्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. आमचा जिना दोन दुकानांच्या मधे, अंधारा, उभा. खाली तोंडाशी कुणीतरी दोन स्कूटर आडव्या लावलेल्या, हँडल लॉक. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडकली, पुढं हातगाड्यांचे सांगाडे आणि खणलेला चर. माझा मुलगा आणि शेजारचा दर्जी, दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना उचलून स्कूटरवरून पलीकडं काढलं. त्या वाचल्या. त्या रात्री गल्लीत मदतीला हाक मारायला तीनच घरं जागी होती, बाकी सगळी कुलपं. पूर्वी हाक मारली असती तर तीस माणसं धावली असती.

शिवजयंतीला चित्ररथ निघतात तेव्हा माड्यांच्या गॅलऱ्या माणसांनी फुलायच्या. गणपतीत गल्लीची पोरं रात्र-रात्र मंडपात झोपायची. आज मंडळाचे कार्यकर्ते अनगोळहून, वडगावहून गाडीवर येतात आणि काम झालं की जातात. वर्गणी दुकानदार देतो, पण पहाटे आरतीला उभं कोण राहणार? राहणाराच उभा राहतो!

म्हणून सांगते, ती चित्रं आधी गुंडाळून ठेवा. रस्ता खरवडून आमच्या उंबऱ्याच्या खाली न्या. रोज पाणी द्या. जिन्याच्या तोंडाशी गाडी लावणाऱ्याला दंड करा, बस्त्याला आलेल्या म्हातारीला नको. अरुंद जागेसाठी वेगळा नियम करा आणि माडीवर कुटुंब राहत असेल तर त्या मजल्याची घरपट्टी माफ करा. आणि पुढची बैठक एसी हॉलमध्ये घेऊ नका. जुलैत घ्या, आमच्या दुकानात, पाऊस पडत असताना. खुर्च्या मी देते.