मना बैल बकरी व्हई गया

दुसरीच्या वर्गात हस्तकलेचा तास ३५ मिनिटांचा. त्यातली १० मिनिटं सामान वाटण्यात, १० हात धुण्यात आणि ५ मिनिटं "बाई, हाऊ मना रंग लेस!" (हा माझा रंग घेतो) हे अहिराणीतलं भांडण मिटवण्यात जातात. उरलेल्या १० मिनिटांत कला. 'सोपे आणि सर्जनशील उपक्रम' हा शब्दप्रयोग ज्याने काढला, त्याने ३० पोरं, एक नळ आणि खानदेशची काळी माती एका जागी पाहिलेली नसावी.

कागद चिकटवणं हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार. गोंदाची बाटली मात्र पोरांच्या हातात द्यायची नाही. दोघांत एक बाटलीचं झाकण, त्यात चमचाभर गोंद आणि लावायला गुल काढलेली आगकाडी. बोटाने लावला की थर जाड बसतो, कागद एका अंगाने पाणी पितो आणि वाळताना पापडासारखा वळतो. शिवाय पंखा बंद हवा. मार्चमध्ये जळगावात पंखा बंद करा म्हणणं हा गुन्हाच आहे, पण चालू ठेवला तर कातरलेली फुलपाखरं खरोखर उडतात.

ठसेकामाला पुस्तकात बटाटा सांगितलेला असतो. बटाट्याला कापल्यावर पाणी सुटतं आणि रंग फिका पडतो, म्हणून कापलेली बाजू फडक्याने दोनदा टिपावी लागते. त्यापेक्षा जून भेंडी घ्या. कोवळी दाबली की चेपते. जून ताठ राहते आणि पाच पाकळ्यांचं फूल उमटवते. जून म्हणजे कुणी खातही नाही. (कोवळी खातात. रंगासकट.) पण खरी चैन रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या शाळांची. केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला की आत पोकळ खणांची जाळी दिसते. तिचा ठसा असा येतो की कागदावर कुणी मधाचं पोळं ठेवलंय. अडचण एकच: चीक. तो कपड्यावर पडला की तपकिरी डाग पडतो आणि तो डाग कपड्याच्या आयुष्यभर सोबत करतो. म्हणून दांडे मोठ्या माणसाने कापायचे, चीक गळू द्यायचा, नीट टिपायचे आणि मगच वाटायचे. रंग ताटलीत सांडून ठेवायचा नाही. जुन्या सुती कापडाची चौपदरी घडी करून तिच्यावर दोन चमचे पोस्टर कलर आणि एक चमचा पाणी. कागदाखाली वर्तमानपत्राची गादी घातली नाही तर ठसा मधोमध कोरा राहतो. "दाबा, घासू नका" हे वाक्य एका तासात किती वेळा म्हणावं लागतं ते मोजायचं मी सोडून दिलंय.

हे सगळं मात्र बैलपोळ्यापुढे काहीच नाही.

श्रावणी अमावास्या जवळ आली की प्रत्येक वर्गाला मातीचे बैल करायचे असतात, आणि ते नेहमी आदल्या दिवशीच आठवतं. कुणीतरी शेतातून ढेकळं आणतं, पाणी ओतलं जातं आणि जे होतं त्याला चिखल म्हणतात. दुसऱ्या दिवशी बैलाच्या पोटाला भेग पडलेली असते. पोरांचा दोष नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतातल्या ज्या भेगांत पाय अडकतो, तीच भेग इथे बैलाच्या पोटावर.

म्हणून आधी माती वाळवून, कुटून पिठाच्या चाळणीने चाळायची. चार वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू, आणि रात्रभर भिजवून कुस्करलेल्या वर्तमानपत्राच्या एका पानाचा लगदा. वाळू आकसत नाही, कागदाचे तंतू माती धरून ठेवतात. अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीला लावलेल्या मातीच्या गिलाव्यातही भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू आहेत, म्हणजे युक्ती आपल्या शेजारचीच. कापसाच्या मुलखात कागदाऐवजी कापूस घालायचा मोह होतो. पिंजल्याशिवाय घालू नका, गोळे होतात आणि बैलाला बोंडं फुटतात.

मळणं कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या पिठासारखं. करंगळीएवढी वळी करून बोटाला गुंडाळायची: तडकली तर पाण्याचा हात लावा, बोटाला चिकटली तर थोडा वेळ उघडी ठेवा. पोरागणिक मोसंबीएवढा गोळा. लिंबाएवढ्यात बैल होत नाही, उंदीर होतो.

आता पाय. पोरं चार वळ्या करतात आणि पोटाला टेकवतात. टेकवलेला पाय वाळला की पडतो, कारण दोन्ही मातींची जोडणी झालेलीच नसते. पाय गोळ्यातूनच चिमटून काढायचे, आखूड आणि अंगठ्याएवढे जाड. जोडायचाच असेल तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावायचा. हुशार पोरं पायात काडी खुपसतात. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो. शिंगं सगळ्यात बारीक, म्हणून सगळ्यात आधी वाळतात आणि आधी मोडतात. मग एक बारीक आवाज येतो, "बाई, मना बैल बकरी व्हई गया." शिंगं जाड, आखूड ठेवून डोक्यातूनच ओढून काढली तर बैलाची जात टिकते. वशिंड विसरू नका. ते नसेल तर गाढव म्हणून चिडवणारं कुणीतरी वर्गात असतंच.

वाळवणं सावलीत. पहिला दिवस ओल्या गोणपाटाखाली, नंतर उघड्यावर. उन्हात ठेवला की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो, आणि पुन्हा भेग. श्रावणातल्या दमट हवेत चार-पाच दिवस सहज लागतात. पण फोटो ग्रुपवर आजच हवे असतात, त्यामुळे ओल्या बैलालाच रंग चढतो. कच्च्या मातीवर पातळ रंग लावला की बैल रंगत नाही, विरघळतो. रंग घट्ट हवा, त्यात थोडा गोंद, आणि कुंचला एका जागी दोनदा फिरवायचा नाही. हे सांगून होईपर्यंत तिसऱ्या बाकावरचा बैल खाली बसलेला असतो. बसलेला बैल हाही बैलच, असं मी फोटो काढताना मानते.

शेवटी हात. नळाखाली धुऊ द्यायचे नाहीत, माती मोरीत जाऊन बसते. दोन बादल्या: पहिलीत चिखल, दुसरीत खळखळ. पहिली रात्रभर तशीच ठेवली की पाणी वर येतं, माती तळाशी बसते. पाणी झाडांना घाला, माती पसरून वाळवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडते. चाळून घ्या मात्र. त्यात तीन शिंगं, एक शेपटी आणि कुणाचा तरी खोडरबर असतो.