दूध पुरत नाही, असे बाळंतिणीला सांगण्यापूर्वी

अंगावरचे दूध वेळेआधी तुटते, तेव्हा त्यामागे दुधाच्या खऱ्या कमतरतेपेक्षा आईच्या मनात भरवलेली शंकाच पुष्कळदा अधिक असते, असे माझे ठाम मत आहे. बाळ रडले की जवळचे कोणीतरी म्हणते, "दूध पुरत नाही वाटतं." थकलेल्या, झोप न झालेल्या बाळंतिणीला ते खरे वाटते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थोडाच असतो, कारण नवजात बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते. मात्र त्या चमच्यात रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात. पुढे दूध किती तयार होईल हे मुख्यतः ते किती वेळा आणि किती नीट ओढले जाते यावर ठरते. शंकेपोटी वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते, दूध स्तनांत साचते आणि साचलेले दूधच नव्या दुधाला आळा घालते. मग दूध खरोखर आटते आणि पहिली शंका बरोबरच होती, असे सगळ्यांना वाटते. हे चक्र मला फार अन्यायाचे वाटते, कारण त्याचा दोष शेवटी आईच्याच माथी येतो.

संध्याकाळी बाळाने सतत पिणे, स्तन मऊ लागणे किंवा पंपाने थोडेच दूध निघणे हे कमतरतेचे पुरावे नव्हेत. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा लघवी होणे आणि सुरुवातीला घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येणे, या खुणा पाहाव्यात. त्या दिसत नसतील किंवा बाळ मलूल असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पाजताना वेदना होत असतील, तर बहुतेकदा बाळाची पकड सुधारावी लागते. ती दाखवून देणारे जाणते माणूस शेजारी बसणे कोणत्याही उपदेशापेक्षा मोलाचे असते.

काही मातांना शारीरिक कारणांमुळे किंवा औषधांमुळे पाजता येत नाही, काहींना पाजायचे नसते. त्यांच्याकडून खुलासा मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. पावडरचे दूध बाळाचे अन्नच आहे. माझा आक्षेप आईच्या भीतीवर चालणाऱ्या जाहिरातींना आहे, ज्यांना आवर घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्येच आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली.

आता नोकरीविषयी. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारातील प्रसूती रजेची किमान मर्यादा १४ आठवडे आहे. उरलेले जवळपास तीन महिने आईने कसे निभवावेत? त्याच करारात दूध पाजण्यासाठीची विश्रांती पगारी कामाचा वेळ धरावी, असेही म्हटले आहे. तेवढी विश्रांती, आतून कडी लागणारी स्वच्छ खोली आणि काढलेले दूध ठेवायला फ्रिज, इतके तरी प्रत्येक कामाच्या ठिकाणी तिला न मागता मिळाले पाहिजे.