पोरगं कोण्या गावचं?

परभणीत मे महिन्यात फ्रिज बंद पडणं म्हणजे आणीबाणीच. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून सांगतो खरं, पण त्या जर्मनीत फ्रिजशिवायही दूध संध्याकाळपर्यंत टिकत असेल.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. आधी बासरी वाजली. मग एका गोड आवाजाच्या बाईनं माझा कॉल तिच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. मराठीसाठी 3, तक्रारीसाठी 1, फ्रिज थंड होत नसल्यास 2, आवाज येत असल्यास 4. आमचा फ्रिज थंडही होत नव्हता आणि टक्-टक् आवाजही करत होता. एकाच पेशंटला दोन दुखणी असू शकतात, हे त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात आणि त्या जोडीवरून पलीकडच्या यंत्राला आकडा कळतो म्हणे. म्हणजे भर दुपारी मी कंपनीपुढं गात बसले होते, आणि कंपनी दर वेळी पहिल्यापासून म्हणायला लावत होती.

"कामून बोटं आपटायलीस? तिला नीट इचार की," कूलरपुढून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी स्पीकर लावला.

"कृपया आपली समस्या थोडक्यात सांगा."

आत्याबाईंना थोडक्यात जमत नाही. फ्रिज कोणाच्या लग्नाच्या वक्ताला घेतला, तिथून त्यांनी सुरुवात केली.

"माफ करा, मला समजले नाही."

"आगं, आजून सांगितलंच कुठं?"

1966 साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वाइझेनबाउम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम लोकांसमोर आणला. आपलंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचं, एवढीच त्याची अक्कल. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना इतकी रंगली की तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आमच्या घरी यंत्रालाच बाहेर काढलं असतं. एलायझा निदान समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची!

आपल्याकडं 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. ऐन थंडीत. त्या दिवशी फ्रिजची आठवण कोणाला येणार?

कोणता आकडा दाबला गेला देव जाणे, पण अचानक खरा माणूस बोलला. "नमस्कार मॅडम, आपला पिन कोड?" मी सांगितला. पलीकडं क्षणभर शांतता. "परभणी का? मी जिंतूरचा की!"

फोन माझ्या हातातून कधी गेला, कळलंच नाही. कोणाचा तू, आडनाव काय, पुण्यात जेवायची सोय काय, भाऊ किती, शेती किती. हा संवाद गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत होता, हे मी खुणेनं सांगत होते. मला वाटलं, फ्रिज राहिला बाजूला. तेवढ्यात त्या पोरानंच विचारलं, "आजी, सांजच्याला लाइट डिम होती का? पंखा हळू फिरतो का?"

होत होती. फिरत होता. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की 230 व्होल्ट फक्त कागदावर उरतात. कमी दाबाला कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, होत नाही, गरम होतो आणि आतलं संरक्षण त्याला तोडतं. त्याचीच ती टक्-टक्. त्याच्या घरीही उन्हाळ्यात हेच चालायचं. हा प्रश्न त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर असेल असं मला वाटत नाही. जिंतूरच्या घरातला पंखा आठवल्याशिवाय तो सुचणं अवघड.

स्टॅबिलायझर आणला, फ्रिज चालू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच गोड बाईचा फोन. आमच्या प्रतिनिधीच्या सेवेला 1 ते 5 मध्ये गुण द्या.

"पोरगं चांगलं हाय," आत्याबाई म्हणाल्या, "पन पगार इचारायचा राहिला. त्याला कोनतं बटन?"