पिवळ्या लाईटने घर तापतं? नाही हो!

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय की पिवळे एलईडी लावू नका, घर तापतं आणि बिल पण जास्त येतं, पांढरेच लावा. हे चूक आहे भाऊ. 9 वॅटचा बल्ब पिवळा असो की पांढरा, युनिट तेवढेच खातो आणि गरमी पण जवळपास तेवढीच. पिवळ्यात उजेड किंचित कमी मिळतो, बस. हा समज आला जुन्या 60 वॅटच्या गोळ्यावरून, तो पिवळा होता आणि त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जायची, म्हणून हात लावला की चटका बसायचा.

रंग खोलीप्रमाणे घ्या. खोक्यावर केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी म्हणजे पिवळा, जास्त म्हणजे पांढरा) लिहिलेलं असतं ते बघा, दुकानदार नुसतं वार्म-कूल म्हणजे पिवळा-पांढरा म्हणतो. बेडरूमला 2700 ते 3000, किचनला 4000 चालतो, पण किचनचा खरा प्रॉब्लेम रंग नाहीच, लाईट पाठीमागे असतो आणि ओट्यावर आपलीच सावली पडते, भरताची वांगी चिरताना दिसत नाही, तर वरच्या कपाटाखाली एक एलईडी पट्टी लावा. अंगणात, मळ्याजवळ घर असेल तर पिवळाच बरा, पांढऱ्यावर किडे जास्त येतात.

गरमीचा खरा त्रास उलटा आहे. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, फॉल्स सीलिंगमध्ये हवा कोंडते, आणि मे महिन्यात तिथल्या एलईडीचा ड्रायव्हर (बल्बला योग्य वीज पुरवणारं सर्किट) लवकर उडतो, मग तो पांढरा असला तरी.