सांगोल्याच्या वाचकांना उत्तर: म्हशीचा पीळ आणि ‘उलटं लोळवणं’

नमस्कार.

गाभण म्हशीच्या गर्भाशयाला पडणाऱ्या पिळावर, म्हणजे गर्भाशय स्वतःभोवती फिरून आवळलं जातं त्यावर, मी लिहिलं होतं. त्यावर सांगोल्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी: “सोलापुरात पंख्याखाली बसून म्हशींवर लिहू नका. पीळ पडला तर उलटं लोळवलं की सुटतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमचे आजोबा फळी ठेवून म्हशी सोडवायचे. डॉक्टर रात्री येत नाहीत, आले तर पैसे उकळतात. ब्रुसेलाचा (जनावरं गाभडवणाऱ्या रोगाचा) बागुलबुवा कशाला? लेख नुसता लांबड.”

आधी पंख्याचं बोलू. मंगळवेढा तालुक्यातल्या गोठ्यात मी लहानाचा मोठा झालो. खांद्याच्या मागे जाणारी शिंगं असलेल्या पंढरपुरी म्हशी आमच्या दावणीला होत्या. पहाटे धार काढूनच शाळेत जायचो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. अशा वेळी समोरच्यानं आयुष्यात शेण काढलेलं नाही असं गृहीत धरून बोलणं मला पटत नाही. मतभेद शंभर असू द्यात, पण बोलण्याची एक रीत असते. सांगोल्याच्या बाजारात जनावराचा सौदा मोडतानासुद्धा माणसं याहून नीट बोलतात.

लेख लांबला, हे मान्य. दोन भाग करता आले असते.

आता तुमचं ते एक वाक्य: ‘उलटं लोळवलं की सुटतो.’ याच वाक्यापायी म्हशी जातात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

पिळाच्या उलट नव्हे, पिळाच्याच दिशेनं म्हैस फिरवायची असते. उजवा पीळ असेल तर तिला उजव्या कुशीवर पाडायचं, पुढचे पाय एकत्र आणि मागचे एकत्र बांधायचे, पोटावर तिरकी लांब फळी ठेवून तिच्यावर माणूस उभा करायचा आणि म्हैस पाठीवरून डाव्या कुशीवर न्यायची. फळीच्या दाबानं आतलं गर्भाशय आणि रेडकू जागेवर राहतं, भोवतीचं अंग फिरतं आणि पिळाला येऊन मिळतं. बरणीचं झाकण धरून ठेवून बरणीच फिरवावी, तसं. तुमच्या आजोबांनी म्हशी सोडवल्या असतील तर त्यांनी हेच केलं असणार; त्यांच्या हाताला ठाऊक होतं, तुमच्यापर्यंत फक्त फळी पोचली. उलट दिशेनं फिरवली तर पीळ आणखी आवळतो.

आणि दिशा कळणार कशी? म्हशीत बहुतेक पीळ उजवीकडचेच असतात, हे खरं. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. त्यासाठी गुदमार्गातून हात घालून गर्भाशयाचे रुंद बंध (त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पडदे) चाचपावे लागतात: कुठला बंध वरून ताणून पलीकडे गेलाय, कुठला खाली दबलाय. योनीतून हात घातला की बऱ्याचदा घड्या लागतात, पण पीळ गर्भाशयमुखाच्या पुढे असेल तर तिथे काहीच लागत नाही आणि माणूस फसतो. प्रत्येक वेळी फिरवल्यावर पुन्हा हात घालून बघायचं, सुटला का. हे तपासणं म्हणजेच उपचाराचा अर्धा भाग. नुसतं लोळवणं म्हणजे जुगार.

आमच्या गोठ्यातली एक चांगली दुधाची म्हैस अशीच गेली. दिवस भरले होते, कास उतरली होती, पण पाणमोट दिसेना. ती पोटाला लाथा मारायची, उठबस करायची. घरच्यांना वाटलं पोट दुखतंय. हिंग पाजला, तेल पाजलं. संध्याकाळी ती शांत झाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ते शांत होणंच वाईट होतं. पिळात आधी नाजूक शिरा दबतात, रक्त परतत नाही, गर्भाशय सुजून काळं पडू लागतं, रेडकू आतच मरतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या जाणत्यांनी येऊन लोळवलं, आत हात न घालता, जमेल त्या दिशेनं. इतक्या उशिरा गर्भाशयाची भिंत इतकी कुजकी झालेली असते की फिरवताना फाटू शकते. वडील दोन दिवस जेवले नाहीत. मला ‘शेंबड्या पोराला कळतं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

म्हणूनच लेखात वेळेवर इतका जोर दिला. पहिल्या काही तासांत लोळवून सुटण्याची आशा चांगली असते. दीड-दोन दिवस गेले की ती झपाट्यानं कमी होते. तीन-चार वेळा फिरवूनही सुटला नाही, किंवा सुटूनही गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही, तर सिझेरियनला पर्याय नाही. तिथे फळी घेऊन बसणारा कितीही अनुभवी असो, म्हैस हातची जाते.

डॉक्टर रात्री येत नाहीत, ही तुमची तक्रार मला कळते. पण तो डॉक्टरांवरचा राग आहे. त्याचं उत्तर आंधळेपणानं लोळवणं कसं होईल? १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. पैशाचं म्हणाल, तर व्यायला टेकलेल्या म्हशीची किंमत तुम्हीच मनाशी काढून बघा.

ब्रुसेला बागुलबुवा नाही. तो माणसालाही होतो, आणि गाभडलेल्या म्हशीची वार उघड्या हातानं उचलणाऱ्याला आधी होतो. ४ ते ८ महिन्यांच्या पारड्यांना लस टोचून घ्या. याहून जास्त वाद इथे नको.

तुमची पुढची प्रतिक्रियाही छापीन, मात्र भाषा सभ्य हवी. प्रतिक्रियेच्या शेवटी तुमची म्हैस नवव्यात असल्याचं लिहिलंय. तिला घसरड्या फरशीवर बांधू नका, मारक्या म्हशींपासून वेगळी ठेवा, भरवल्याची तारीख कागदावर लिहा. आणि तिनं वैरण सोडून पोटाला लाथा मारायला सुरुवात केली, तर हिंग शोधत बसू नका.