ओपीजीत गाठ दिसली, मग सीबीसीटी कशाला?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओपीजीवर (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे) सायनसचा, म्हणजे वरच्या दाढांच्या वर गालाच्या आत असलेल्या हवेच्या पोकळीचा, आजार दिसत नाही असं मी मागच्या लेखात लिहिलं, पण तुमच्या वडिलांच्या ओपीजीवर उजव्या सायनसमध्ये गोल गाठ स्पष्ट दिसली. मग महागड्या सीबीसीटीचा (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आग्रह का? रेडिएशनचं काय? आणि कमिशनचं?

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. ‘दिसत नाही’ हे माझं चुकलं, लेखात आज दुरुस्ती केली आहे. सायनसचा तळ आणि मागची भिंत ओपीजीवर चांगली उमटते. तळावर घुमटासारखी बसलेली गुळगुळीत सावली बहुतेक वेळा रिटेन्शन सिस्ट (अस्तरातली द्रव भरलेली निरुपद्रवी गाठ) असते. ती सहसा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत सापडते, आणि त्रास नसेल तर तिला कुणी हात लावत नाही.

पण ओपीजीचं मशीन डोक्याभोवती फिरून जबड्याच्या कमानीएवढाच एक थर ठळक टिपतं. सायनस त्या थराच्या बराच आत पसरलेला असतो, आणि त्यावर गालाच्या हाडाची, टाळूची सावली पडते. नाकाकडची भिंत तर कळतच नाही. सायनसचं तोंड, म्हणजे नाकात उघडणारी वाट, नेमकं त्याच भिंतीवर, तेही वरच्या अंगाला असतं. म्हणून तर माणूस उभा असताना पू खाली साचून राहतो. ते तोंड बंद आहे का, हे ओपीजी सांगू शकत नाही.

माझा आग्रह खरं तर दाढेपायी आहे. एकाच बाजूचं नाक वाहतं, घाण वास येतो, अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पुन्हा तेच, आणि त्याच बाजूच्या वरच्या दाढेचं कधीतरी रूट कॅनल झालेलं आहे, अशा वेळी आजाराचं कारण दाढेत असण्याची शक्यता मोठी असते. वरच्या दाढेला तीन मुळं. साध्या एक्स-रेत ती एकमेकांवर येतात. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंचा ओपीजी आणि छोटा एक्स-रे, दोन्ही ठीक वाटत होते. सीबीसीटीत पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळातली दुसरी नळी साफ न होता तशीच राहिलेली दिसली, आणि त्या मुळावरचं सायनसच्या तळाचं हाड झिजून भोक पडलेलं. बाई कितीतरी महिने नाकाचीच औषधं घेत होत्या. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

सीबीसीटीलाही मर्यादा आहेत. पू, सायनसचं सुजलेलं अस्तर, पॉलिप (अस्तराची मऊ वाढ), ट्यूमर, सगळं त्यात जवळपास सारखंच करडं दिसतं. अस्तर २ मिमीपेक्षा जाड असलं की रिपोर्टात तसं लिहितात, पण तसं अस्तर काहीही त्रास नसलेल्या कितीतरी जणांत सापडतं. नुसत्या त्या ओळीवरून औषधं सुरू करू नयेत. उलट सायनसची हाडाची भिंत खाल्लेली दिसली तर एक दिवसही थांबू नये, थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं.

रेडिएशनबद्दल: ओपीजीला साधारण २५ मायक्रोसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) आत, सीबीसीटीला काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत, मोठा भाग घेतला तर त्याहूनही जास्त. निसर्गातून वर्षभरात जगात सरासरी २,४०० मिळतात. म्हणजे घाबरण्याजोगं नाही, पण उगाच घेण्याजोगंही नाही.

कमिशनवरचा तुमचा राग रास्त आहे. ते घेणारे आहेत. मी घेत नाही, पण नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. स्कॅन लिहून देणाऱ्याला विचारा, ‘यात काय दिसलं तर उपचार बदलणार?’ नीट उत्तर मिळालं नाही तर करू नका.

वडिलांना त्रास नसेल तर आज सीबीसीटी नको. आधी उजव्या बाजूच्या वरच्या दाढा ठोकून आणि थंड लावून तपासून घ्या, त्या जिवंत आहेत ना, म्हणजे आतली नस शाबूत आहे ना, ते कळेल. एखादी मेलेली निघाली, तर मात्र स्कॅन करताना सायनसचं तोंड येईल इतका वरचा भाग घ्यायला सांगा. फक्त दाढेपुरता छोटा स्कॅन झाला, तर नाकाच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होत नाही आणि दुसऱ्यांदा खर्च पडतो.